एका डावाचं अंतर

क्लबात त्याला सगळे कवळी म्हणायचे. त्याचे स्वतःचे दात शाबूत होते, बत्तीसच्या बत्तीस. पण धंदा कवळ्या बनवायचा, म्हणून नाव पडलं ते पडलंच. घराच्या पुढच्या खोलीत त्याची लॅब होती. डेंटिस्टांकडून तोंडाचे ठसे यायचे, तो प्लास्टरचे साचे ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, मग घासून, पॉलिश करून डबीत घालून परत पाठवायचा. संध्याकाळी हात धुतले की टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर पूल खेळायला. तिथे चार टेबलं होती आणि चारही टेबलांवर त्याला तोड नव्हती. अख्ख्या भागात नव्हती म्हणा ना. लोक त्याच्याशी हरायलासुद्धा खुशीने यायचे.

आता एवढ्यावर माणसाने सुखात राहायला काय हरकत होती? पण नाही. कवळीच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती, आणि ती तो कुणाला विसरू देत नव्हता.

तो एकोणीस वर्षांचा असताना मोठ्या शहरातला एक नावाजलेला प्रशिक्षक क्लबात आला होता. याचा खेळ पाहून म्हणाला, ये माझ्याकडे, तुला घडवतो. हा बॅग भरायला लागला आणि नेमकी त्याच महिन्यात वडिलांची नजर अधू व्हायला लागली. लॅब तेव्हा वडिलांची. त्यांनी बसवलेले दात रेषेत येईनात, डेंटिस्ट माल परत पाठवायला लागले. वडील म्हणाले, "थोडे दिवस बस माझ्याजवळ, बाळा. घडी बसली की जा." त्या थोड्या दिवसांना वीसच्या वर वर्षं होऊन गेली होती.

कवळी यावरून कधी भांडला नाही. भांडला असता तर एकदाचं संपलं तरी असतं. त्याने हसत हसत सूड घेतला. एखादा डेंटिस्ट लॅबमध्ये आला की हा म्हणायचा, "या, बसा. चॅम्पियन दात घासतोय. स्वतःचे नाही, दुसऱ्याचे." सगळे हसायचे, वडीलही हसायचे. बायको म्हणाली, कुठे तरी चार दिवस फिरून येऊ, तर हा म्हणायचा, "आमचं फिरणं बाबांनी एकोणिसाव्या वर्षीच आटोपून टाकलं." साचा फुटला, वीज गेली, पोरगी गणितात नापास झाली, फिरून फिरून गाडी तिथेच. पहिली काही वर्षं वडील हसले. मग हसायचे थांबले. मग स्वतःच म्हणायला लागले, आल्यागेल्यापाशी, कुणी विचारलेलं नसताना: "खेळला असता हो पोरगा. मी आडवा आलो."

आणि आता ते मागच्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. चाळीस वर्षं घासायच्या यंत्रापुढे बसून प्लास्टरची आणि धातूची धूळ छातीत गेली होती. तोंडाला फडकं बांधायचं असतं हे त्यांना शिकवायला कुणी नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फुप्फुसं निबर झालीत, आता फक्त सोसायचं. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजन, दोन वाक्यं बोलली की धाप. आणि त्या दोन वाक्यांतलं एक ठरलेलं: "मी आडवा आलो."

मरणाच्या दारातल्या माणसाला एकदा तरी म्हणावं ना, की जाऊ द्या बाबा, झालं गेलं? जीभ झिजली असती का? पण कवळीला ते जमेना. इतकी वर्षं जपलेली वस्तू कोण अशी सहज देऊन टाकतो!

अशात क्लबवाल्याने बातमी आणली. एक व्यावसायिक खेळाडू येणार होता. अगदी शिखरावरचा नव्हे, पण जगातल्या यादीत मधे कुठेतरी नाव असलेला, टीव्हीवर दिसलेला. रविवारी दुपारी तो क्लबातल्या एकाशी सामना खेळणार, नऊ डाव आधी जिंकेल तो विजयी. समोर कोण उभा राहणार हा प्रश्नच नव्हता.

"खेळ," वडील म्हणाले. धाप थांबेपर्यंत त्यांनी हाताने त्याला थांबवून ठेवलं. "मला कळू दे एकदा."

रविवारी तो क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, पिशवी खांद्याला लावून निघाला, तर बायको दारात आडवी आली. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करणारी ती बाई, रोज दिवसभर वाफेत उभी राहणारी, तिला गोल गोल बोलणं ठाऊक नव्हतं.

"जाण्याआधी ऐका. रात्री बाबा काय म्हणाले माहितीये? म्हणाले, हरू दे त्याला. सणकून हरू दे. म्हणजे मला सुटल्यासारखं होईल."

कवळीच्या डोक्यात तिडीक गेली. "बघ! अजूनही! मरता मरतासुद्धा माझं बरं व्हावं असं वाटत नाही त्यांना."

"अहो, असं नाही म्हणत ते. त्यांना एवढंच हवंय की आपल्या हातून तुमचं वाटोळं झालेलं नसावं."

"झालंय," कवळी म्हणाला आणि जिना उतरला.

क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. टायरवाले, डेंटिस्ट, कुणाच्या मेहुण्याचा मेहुणा, सगळे. पाहुणा खेळाडू पन्नाशीचा, किडकिडीत, पाठ थोडी धरलेली असावी असा वाकायचा. सगळ्यांशी हात मिळवले, दोन विनोद केले, खडू लावला आणि सुरू झाला.

पहिले दोन डाव कवळीने खुर्चीत बसून पाहिले. दुसरं काही करायला मिळालंच नाही. शेवटचा नऊ जो घालेल, डाव त्याचा. पाहुण्याने ब्रेक करून बॉल फोडले, एक ते नऊ ओळीने पॉकेटात घातले, पुन्हा तेच. तिसऱ्या डावात मात्र पाहुण्याचा सहा नंबरचा बॉल पॉकेटाच्या तोंडाशी येऊन अडकला आणि कवळी उठला. पांढरा बॉल टेबलाच्या मधोमध, समोर सहा, पलीकडे डाव्या कोपऱ्याचं पॉकेट. लांबचा सरळ फटका. हा त्याचा लाडका फटका, झोपेत उठवून मारायला लावला तरी जाणारा. गेला. मग सात, आठ, नऊ. क्लब दणाणला.

तिथून त्याच्या अंगात आलं. पाहुणा चुकायला लागला. दोन डाव जिंकायचा, एक सोडायचा; एक जिंकायचा, दोन सोडायचा. कपाळाला हात लावायचा, मान हलवायचा, कवळीकडे बघून म्हणायचा, "भारी आहात हो तुम्ही." पाच-पाच झाले. सात-सात झाले. आठ-आठ झाले तेव्हा क्लबवाला चक्क रडत होता. शेवटच्या डावात पाहुण्याने सात चुकवला, कवळीने सात घातला, आठ घातला, आणि नऊ केसभराने राहिला. पाहुण्याने तो नऊ दोन कडांना धडकवून असा काही पॉकेटात पाठवला की हरल्याचं दुःखसुद्धा कुणाला आठवलं नाही. पोरांनी कवळीला खांद्यावर घेतलं. क्लबवाल्याने तिथल्या तिथे घरी फोन लावला. "काका, ऐकताय का? एका डावाने! जगातल्या माणसाशी, फक्त एका डावाने राहिला तुमचा मुलगा!"

मग चहा आला आणि जे होतं तेच झालं. हौशी खेळाडूला सामना संपला की सामना सांगायचा असतो. कवळी रिकाम्या टेबलापाशी उभा राहून चारचौघांना एकेक फटका उलगडून दाखवायला लागला.

"तर त्याने सहा चुकवला. पांढरा थांबला इथे." त्याने बोट टेकवलं. "मी मारला तिकडे, डाव्या कोपऱ्यात. मग पुढच्या डावात त्याने पाच चुकवला. पांढरा थांबला..." बोट टेकलं. "मग चार चुकवला तेव्हा पांढरा..."

बोट पुन्हा तिथेच टेकलं. अंगठ्याएवढाही फरक नव्हता. दर वेळी पांढरा तिथेच, दर वेळी डावा कोपरा, दर वेळी त्याचा लाडका फटका. आईने बशीत भात कालवून लेकरापुढे सरकवावा तसं त्याला भरवलं होतं. कवळीने बोट उचलून घेतलं. चारचौघे म्हणाले, "पुढे सांग ना," तर म्हणाला, "चहा गार होतोय," आणि हसला. कसला हसतोय, तोंड कडू जहर झालं होतं.

गर्दी पांगली. पाहुणा क्यू पुसून पेटीत ठेवत होता.

"तुम्ही मुद्दाम चुकत होतात," कवळी म्हणाला.

पाहुण्याने नाही म्हटलं नाही. "तुमच्या लक्षात आलं. बहुतेकांच्या येत नाही." तो खुर्चीत टेकला. "मी दर रविवारी नव्या क्लबात असतो. लोकांना त्यांचा माणूस हरलेला चालतो, चिरडलेला नाही चालत. पुन्हा बोलवत नाहीत. पहिली संधी सोडतो तेव्हाच मी बघून घेतो, समोरच्याला कुठला फटका आवडतो. मग तो देत राहतो."

"दार लावतो," कवळी म्हणाला. "पाच डाव खरे खेळा."

पाहुण्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. "कशाला? घरी जा. चांगला दिवस गेलाय तुमचा."

"खेळा हो."

दार लागलं. पाच डावांत कवळी दोनदा टेबलाशी आला. एकदा पाहुण्याच्या ब्रेकला काहीच गेलं नाही तेव्हा. त्याने तीन बॉल घातले, चौथा राहिला, संपलं. दुसऱ्यांदा पाहुण्याने पांढरा अशा अडचणीत नेऊन ठेवला की कवळीला समोरचा बॉल दिसतसुद्धा नव्हता. पाच-शून्य. पाहुणा ना विनोद करत होता ना कपाळाला हात लावत होता. चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. लाकूडतोड्या लाकूड तोडतो तसा खेळत होता.

"खरं सांगा," कवळी म्हणाला. "मी कुठे आहे?"

"यादीत सगळ्यात शेवटी जो आहे ना आमच्यात, पदरमोड करून स्पर्धांना हिंडणारा, त्याच्याशी एकच डाव खेळलात तर पाचातला एखादा घ्याल. माझ्याशी दहातला एक, तोही माझा ब्रेक फसला तर. पण नऊ डावांचा सामना म्हणाल, तर त्या शेवटच्याशीसुद्धा नाही. शंभर वेळा खेळा, शंभर वेळा हराल. डाव नशिबाने मिळतो, सामना नाही मिळत. आणि तुम्हाला वाटत असेल मी फार कुणी आहे, तर वरच्या चार-पाच जणांसमोर मी असाच खुर्चीत बसून असतो."

"मला एकोणिसाव्या वर्षी बोलावलं होतं," कवळी म्हणाला आणि त्या प्रशिक्षकाचं नाव घेतलं. स्वतःचाच आवाज त्याला केविलवाणा वाटला.

पाहुणा पुन्हा क्यू पुसायला लागला. "मी त्याच्याकडेच होतो. तो सगळ्यांनाच बोलवायचा हो. फीवर चालायचं त्याचं. आमची खोली भरलेली असायची, सकाळी उठून टेबलासाठी रांग लावायचो. त्यातला मी एकटा टिकलो, बाकीचे दोन-तीन वर्षांत हात हलवत परत गेले. तुम्ही तेव्हा किती खेळायचात?"

"संध्याकाळी. आणि रविवारी पूर्ण दिवस."

"फटका मारताना तुमचं कोपर बाहेर जातं. तेव्हाही जात असणार. लहानपणी कुणी ती सवय मोडली नाही तर मग ती मोडत नाही." त्याने पेटी बंद केली. "तुम्हाला कुणी अडवलं असेल तर त्याचे उपकार माना."

कवळी रस्त्याने चालत निघाला. दुपार कलली होती, दुकानं बंद होती. हरल्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं, खरंच नव्हतं. त्याला दिसत होते ते वडील, डेंटिस्टांसमोर हसणारे. ज्या माणसाच्या उरावर आपण इतकी वर्षं बसून राहिलो, त्याने आपलं काही घेतलंच नव्हतं. उलट लॅब दिली, पोटाला लावलं, आणि त्या बदल्यात आपण त्याला रोज थोडं थोडं तासलं. शरमेने त्याला चालवेना. आणि मग बायकोचं बोलणं आठवलं. हरू दे त्याला, सणकून हरू दे. अरे, मग हेच तर आहे हातात! त्याची पावलं भराभर पडायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांना द्यायला त्याच्याजवळ काहीतरी होतं. तो जवळजवळ पळतच घरी पोचला.

वडील उठून बसले होते. कित्येक दिवसांत ते आपणहून बसले नव्हते. नाकातली नळी सरकून गालावर आली होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. बायको पाठीला हात लावून उभी होती. तिने कवळीकडे पाहिलं ते पाहणं काही बरं नव्हतं.

"एका डावाने," वडील म्हणाले. "दातांच्या धुळीत राहून... एका डावाने. शिकला असतास तर..." पुढे धाप लागली.

"बाबा, खोटं होतं ते सगळं." कवळी पलंगाशी खाली बसला. त्याने सगळं सांगितलं. पांढरा कुठे थांबत होता ते, बंद दारातले पाच डाव, शंभरातले शंभर, प्रशिक्षकाची फी, कोपर. "मी कधीच होणार नव्हतो, बाबा. तुम्ही पाठवलं असतंत तरी नाही. दोन वर्षांत तोंड लपवत परत आलो असतो. तुम्ही काही केलं नाहीत. मीच मूर्ख. मीच तुम्हाला उगाच..."

वडिलांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. चेहऱ्यावर असं काही आलं की क्षणभर कवळीला वाटलं, सुटले. मग ते म्हणाले, "केवढ्या मोठ्या मनाचा झालास रे. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःला कमी करून घेतोस."

"नाही हो बाबा! खरं सांगतोय!"

"वीस वर्षं तू खरंच सांगत होतास," वडील म्हणाले. "आज खोटं सांगू नकोस."

कवळी बायकोकडे वळला. "तू सांग ना." ती म्हणाली, "मी काय सांगणार? मी कुठे होते तिथे?" तिचंही बरोबर होतं. मग त्याला एकदम सुचलं. त्याने क्लबवाल्याकडून पाहुण्याचा नंबर घेतला आणि फोन लावला. गाडीच्या घरघरीतून आवाज आला.

"मी बोलतोय, दुपारचा. माझे वडील आजारी आहेत, फार आजारी. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांना सांगा. मी कसा खेळतो ते. फक्त तेवढंच."

"द्या त्यांना," पाहुणा म्हणाला. आवाज मऊ झाला होता.

कवळीने फोन वडिलांच्या कानाला लावला. वडील श्वास घेत होते तो सगळा फोनमध्ये जात असणार, शिट्टी वाजल्यासारखा. ते ऐकत राहिले. "हो," म्हणाले. "हो. एकोणिसाव्या वर्षी. हो, मीच." मग पुष्कळ वेळ नुसतं ऐकलं. मग म्हणाले, "आभारी आहे. तुम्ही खरं बोललात."

त्यांनी फोन खाली ठेवला.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"म्हणाले, असा हात हजारात एखाद्याला असतो. वेळेवर शिकला असता तर माझ्या पुढे गेला असता." धाप. "म्हणाले, अभिमान बाळगा."

कवळीने फोन उचलला, पुन्हा लावला, पुन्हा लावला. पाहुणा उचलेना. त्या माणसाचं तरी काय चुकलं? आजारी म्हाताऱ्याचा श्वास ऐकला आणि दर रविवारी करतो तेच त्याने केलं, चांगला फटका समोर ठेवला.

"मला माफ कर," वडील म्हणाले.

"माफी कसली, बाबा? तुम्ही काही..."

"म्हणजे नाही करत." त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अहो, म्हणा ना," बायको दबल्या आवाजात म्हणाली. "म्हणून टाका एकदाचं."

"केलं," कवळी म्हणाला. "माफ केलं, बाबा."

वडिलांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. थोड्या वेळाने तिकडूनच आवाज आला, "पण गेलं ते गेलंच ना रे."

त्यानंतर ते तीन आठवडे जगले. जो येईल त्याला सांगायचे. डॉक्टरांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं, एका डेंटिस्टाच्या हातात हात घेऊन सांगितलं, की माझ्या मुलाचं आयुष्य मी घालवलं आणि त्याने मला माफ केलं. कवळी पायथ्याशी उभा राहून दर वेळी म्हणायचा, तसं काही नाही हो, मी काही फार मोठा खेळाडू नव्हतो. आणि दर वेळी समोरच्याचे डोळे भरून यायचे. शेवटच्या दिवशी ऑक्सिजनची नवी टाकी घेऊन माणूस आला होता. त्यानेही सगळं ऐकून घेतलं, टाकी जोडली, आणि जाताना वडिलांना म्हणाला, "नशीबवान आहात काका. एवढं होऊन एका शब्दाने तुम्हाला दुखवत नाही, असा मुलगा कुणाला मिळतो?"

"हो," वडील म्हणाले. "कधीच नाही दुखवलं त्याने."